आबांचं बंदर

तळेगावच्या आमच्या सोसायटीत नामदेव आबांना ‘आज गारठा आहे’ असं सांगायची सोय नाही. “पुरावा काय?” ते लगेच विचारतात. दूधवाल्यानं दूध म्हशीचं म्हटलं, तरी पुरावा काय? मी एकदा वैतागून म्हणालो, “आबा, मी जिवंत आहे याचा तरी पुरावा मागू नका.” ते शांतपणे म्हणाले, “पेन्शनवाल्याला तोबी द्यावा लागतो.”

माणूस मूळचा परंदवडीचा. जन्म गेला आंबीच्या एका कारखान्यात, माल तपासण्यात. केसभर फरक दिसला की रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर मात्र हा गडी एका बंदराच्या नादी लागला. मावळात बंदर! चहाचा घोट घेता घेता सांगणार, “तितं मोठी बोट लागत न्हाई. खाडीत गाळ लय.”

हे सगळं ज्ञान मोबाइलवरच्या विश्वकोशातलं. कुणीही वाचावं, कुणीही भर घालावी, असा तो प्रकार. बंदर घाटाखालचं, छोटंसं. आबांच्या बायकोचं, शारदामावशींचं माहेर. त्या पानावर अवघ्या चार ओळी होत्या. आबांनी पाचवी घातली: धक्क्याच्या टोकाला चुना फासलेला दगड आहे, होड्या परतेपर्यंत पोरी त्यावर बसून वाट बघतात. दुसऱ्या दिवशी ओळ गायब. कुणा संपादकानं शेरा मारला होता, पुरावा द्या.

मी पोट धरून हसलो. आबाही हसले. “जन्मभर लोकांचा माल रिजेक्ट केला, आता माझा व्हतोय. बराबर हाय त्याचं.” पण ओळ त्यांनी पुन्हा घातली. ती पुन्हा उडाली. असं रोजच चाललं.

“सोडा ना आबा, एका दगडासाठी कसला हट्ट?”

“तुज्या मावशीला सकाळचं जेवान आठवत न्हाई आता,” आबा म्हणाले. “बंदर तेवढं आठवतं. त्यातलंबी थोडं थोडं चाललंय. परवा भावाचं नाव गेलं. मी आठवण करून दिली तर म्हणती, तुमाला काय ठावं? मोबाइलातलं वाचलं की पटतं. दिवाळसणाला त्याच दगडावर बसलो व्हतो आमी दोघं. तो तरी राहू दे.”



काल संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा आबा मोबाइल डोळ्यांपुढं धरून मावशींना ते पान वाचून दाखवत होते. खाडी, धक्का, चुना फासलेला दगड. मी सहज माझ्या मोबाइलवर पान उघडलं. त्यात दगड नव्हता, ओळ पुन्हा उडाली होती. आबा पाठ म्हणत होते.

“व्हय, खरंय,” मावशी खुलल्या. “मी बसायची तितं. तुमी बगितलाय का वो कदी तो दगड?”

“न्हाई,” आबा म्हणाले. “कसा हाय, सांग की.”

मावशी सांगायला लागल्या. होड्या आल्या, वडील आले, मैत्रिणी आल्या. दिवाळसणाचा जावई काही आला नाही. आबा मात्र मांडी घालून ऐकत होते, आणि एकदाही त्यांनी पुरावा मागितला नाही.