नखुरडं आणि रिकामी वाटी

शुद्धलेखन चुकलं तर आधीच माफी मागतो. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे भारी शब्द माझ्याकडे नाहीत. आहेत ते साधे, पण इस्त्री करून आणलेत. (कोथरूडला एका टेलरच्या दुकानात मी कपडे बेततो.)

झालं असं की, माझ्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पट्टी दिली आणि बजावलं, दुखणं थांबलं तरी पट्टी संपवायची. अर्धी होते न होते तोच ठणका थांबला. त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या वेणूबाई वाटीभर अळूवड्या घेऊन आल्या.

"अंगठा बरा ना रे, दत्ता?"

"बरा आहे, काकू."

"मग उरलेल्या गोळ्यांचं काय लोणचं घालणार? ह्यांचा घसा धरलाय."

आमच्या बिल्डिंगमध्ये गोळ्या विरजणासारख्या घरोघर फिरतात. शिवाय शेजाऱ्यांची वाटी रिकामी परत करू नये, ही रीत. मी अळूवड्या काढून घेतल्या, वाटी धुतली, पुसली आणि तिच्यात उरलेली पट्टी ठेवून दिली. (साखर संपली होती.)

थोड्याच दिवसांत नखुरडं परत आलं, ते दुपटीनं. कात्री धरवेना. मालक म्हणाले, "ब्लाउज काय दातांनी बेतणार?"

डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कोथरूडमध्ये लोक पोरांना क्लास लावतात. तुम्ही जंतूंना लावलात. कच्चे मेले, पक्के उरले, आणि आता ते त्या गोळीला दाद देत नाहीत. ही दुसरी, जोरकस गोळी. हीही वाटलीत आणि दुखणं हाडापर्यंत गेलं, तर कात्री विसरा."

पट्टी मी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. तरी जोरकस गोळीची बातमी जिन्यात माझ्याआधी पोचली. (दीपमाला, म्हणजे माझी बायको, म्हणते की पार्किंगमध्ये मीच सगळ्यांना सांगत बसलो होतो.)

पुन्हा ठणका थांबला आणि पुन्हा वेणूबाई हजर. या वेळी शिरा, वर बेदाणे.

"त्या गोळ्यांनी ह्यांचा घसा तसूभर हलला नाही बघ. आता जोरकस आल्यात म्हणे."

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. बाहेर पडलं, "चहा घेता?"

त्या बसल्या. चहा झाला. शिराही मी खाल्ला, तेवढाच वेळ.

"अहो," दीपमाला आतून म्हणाली, "तुम्ही सांगताय की मी येऊ?"

मी उठलो. वाटी धुतली, पुसली आणि वेणूबाईंच्या हातात ठेवली. रिकामी.

त्यांनी आत पाहिलं. मग उलटी करून पाहिली.

"नाही, काकू," मी म्हणालो. (आवाज माझाच होता.) "या गोळ्या मी संपवणार. काकांना डॉक्टरांकडे न्या."

"माझी वाटी आजवर कुणी रिकामी परत दिली नव्हती."

"मीही कुणाची दिली नव्हती," मी म्हणालो, आणि घाम पुसला.

पुढचं सगळं माझ्या बाजूनं घडलं. वेणूबाईंचे यजमान रंगराव डॉक्टरांकडे गेले. साधी सर्दी निघाली. गोळी नको, मिठाच्या गुळण्या करा. घसा बरा झाला. मी शेवटची गोळी गॅलरीत उभं राहून, खालून सगळी बिल्डिंग बघत असताना गिळली. अंगठा असा बरा झाला, की मालकांनी आपणहून पैठणीचा ब्लाउज माझ्यापुढे टाकला. जिन्यात लोक म्हणायला लागले, दत्ता नाही म्हणतो बरं का. मी दोन पायऱ्या एकदम चढू लागलो.

त्याच रुबाबात असताना एका संध्याकाळी वेणूबाई आल्या. हात मोकळे.

"दत्ता, खराडीला माझा भाचा असतो, वरद. सुट्टीला जाताना कुत्रा माझ्याकडे सोडायचं म्हणतोय. मला काही तोंडावर 'नाही' म्हणवत नाही. तुला आता येतं. तू जाऊन सांगून ये."

"सकाळी जातो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खराडीला गेलो. येताना आम्हा दोघांना बसमध्ये घेईनात, म्हणून रिक्षा केली. कुत्रा स्वभावानं गरीब आहे. दीपमाला अजून बोलत नाही.