पाच गडांस एकच वचन, आणि सगुणाबाईंची दुसरी मोहीम

श्री. ज्या परमेश्वराने हाडे निर्मिली, आणि ती मोडावी म्हणोन आंब्याची झाडे, शेवाळलेले जिने आणि नव्या जावयांचे घोडे निर्मिले, त्यास साष्टांग नमन. शके सतराशे नऊ, प्लवंगनाम संवत्सरी सगुणाबाईंचा मेळ का फिसकटला, आणि पुढील साली तो कैसा बसला, हे सविस्तर लिहिणे ऐसी आज्ञा आली. तरी जे पाहिले ते पाहिले तैसे, आणि जे ऐकिले ते थोडे नीटनेटके करून लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. जेथे वैद्य फार, जागा थोड्या आणि सल्ला देणारे अगणित, ते हे राज्य समजावे.

त्या राज्यात हाडवैद्यकीचे पाच गड होते, आणि नुसती वैद्यकी शिकलेली पोरे पुढील विद्येकरिता या गडांवर शागिर्द म्हणोन राहू पाहात, आणि हरएक गड सालास एकच शागिर्द घेई. रीत ऐसी की, उमेदवाराने पाचही गडांस जाऊन किल्लेदारांस भेटावे, मग आपणांस कोणता गड पहिला हवा, कोणता दुसरा, ते लिहून मोहोरबंद करून मेळदफ्तरी द्यावे. आणि किल्लेदारांनीही कोणता उमेदवार पहिला, कोणता दुसरा, ते लिहून द्यावे. आणि जो नको त्याचे नाव गाळावे. मग दफ्तराने दोहींचा मेळ घालावा आणि चैत्रमासी डंका वाजवून सांगावे. दोनदा उभे राहण्याची मुभा होती, तिसरे वेळेस नाही. ज्याचा मेळ दोनदा बसला नाही त्याने दाखलेनवीसाच्या कचेरीत बसावे, आणि अमक्या शिपायास ताप होता, तमक्या कारकुनाचे पोट दुखत होते, ऐसे रजेचे दाखले जन्मभर लिहावे. हाडास म्हणोन हात लावू नये.

सगुणाबाईंस लहानपणापासून हाडांचा नाद. वडील नव्हते, म्हणोन आईसाहेबांचे बंधू त्रिंबकमामा घरचा कारभार पाहात, आणि पाहण्याजोगा नसला तरी पाहात. पहिल्या मोहिमेची मसलत त्यांचीच. मामा म्हणाले, "हे बघ सगुणे, किल्लेदार पुसतील की आम्ही कितवे. उघड पुसणे मना आहे, म्हणोन आडून पुसतील, गावाहून आमचा गड लांब पडेल नाही, ऐसे म्हणतील. तू हरएकास पहिलेच म्हण. सगळेच म्हणतात." आणि मग मामांनी दोन दिवस येरझाऱ्या घालून एक वाक्य तयार केले, ते ऐसे, की 'आपला गड हाच माझा पहिला आणि अखेरचा आसरा.' वाक्य उत्तम जाहले. मामांस इतके आवडले की दुसरे करावे ऐसे त्यांच्या मनातच आले नाही, आणि सगुणाबाईंनी तेच वाक्य पाचही गडांवर, तोच पदर सावरून, म्हटले.

मग पुढे सरलष्करांच्या घरी लग्न निघाले आणि किल्लेदार तेथे जेवावयास आले. चौघे पुरुषांच्या पंगतीस, आणि पाचव्या ओढेगडच्या बयाबाई किल्लेदारीण, त्या बायकांच्या पंगतीस. जिलबीचा दुसरा आग्रह जाहला आणि उंचगडचे हैबतराव सैल होऊन म्हणाले, "यंदा एक पोर आमच्यावर फार जीव टाकून आहे. म्हणते कसे, आपला गड हाच माझा पहिला..." तो शेजारचे येसाजी नाईक घास हाती धरून म्हणाले, "...आणि अखेरचा आसरा." मग पलीकडचे दोघेही म्हणो लागले, आणि चौघांचा एक सूर लागला, आणि वाढपी मठ्ठ्याचे भांडे घेऊन बायकांकडे गेला त्याने ते तेथे सांगितले, आणि बयाबाई म्हणाल्या, "आसरा, होय? पदर सावरला होता काय?" बाकीचे उमेदवारही खोटेच बोलले होते, परंतु निरनिराळे बोलले होते. पाचांनीही सगुणाबाईंचे नाव गाळिले.

डंका वाजला, नाव निघाले नाही, आणि मग समाचारास माणसे येऊ लागली. चुलत आत्या आल्या, साखर घातलेले दही खाऊन म्हणाल्या, "अगे, हाडे नाही तर दात घे. दात म्हणजे हाडेच की." शेजारणीने पुसिले, "आता काय करणार?" आणि उत्तर ऐकावयास न थांबता पुढील घरी सांगावयास गेली.  सगुणाबाई सालभर गावच्या तालमीत जाऊन पैलवानांचे निखळलेले खांदे बसवीत राहिल्या, आणि पैलवान ओरडत, आणि वस्ताद म्हणत, "बाईंसमोर ओरडू नका रे, लाज आणाल." परंतु त्यांच्या मनात निराळेच होते. पहिल्या मोहिमेत ओढेगडी गेल्या त्या दिवशी मंगळवार होता, आणि मंगळवारी तेथे ज्या तान्ह्या पोरांचे पाय जन्मतः आत वळलेले, त्यांस घेऊन आया येत. बयाबाई ते पाऊल हाती घेत, बोटभर वळवीत, तितकेच, आणि चुन्यात व अंड्याच्या पांढऱ्या बलकात भिजविलेली पट्टी गुंडाळीत, आणि पोर आईस पीतच राही. पुढील मंगळवारी आणखी बोटभर. जोर नाही, घाई नाही. ते पाहोन सगुणाबाईंचे मन तेथेच बसले. परंतु तो गड नावाने लहान, चढावयास एक टेकाड, म्हणोन यादीत त्यांनी तो पाचवा लिहिला, आणि बयाबाईंस म्हटले मामांचे वाक्य.

शके सतराशे दहा, कीलकनाम संवत्सरी दुसरी मोहीम निघाली. मामांनी नवी मसलत मांडिली की यंदा पाच वाक्ये करू. आईसाहेब तांदूळ निवडीत होत्या, त्या म्हणाल्या, "तुला काय हवे ते एकदा मोठ्याने म्हण, सगुणे. साल झाले, मनात ठेवून वाळलीस." सगुणाबाई म्हणाल्या, "मला ओढेगड हवा." मामांनी कपाळास हात लाविला. "तो गड नव्हे, टेकाड आहे! तेथे सरदार येत नाहीत, पालखी चढत नाही, किल्लेदारीण जात्यावर स्वतः दळते!" सगुणाबाई म्हणाल्या, "आणि यंदा जो पुसेल त्यास खरा आकडा सांगणार." मामा गाडीत बसले, परंतु वाटभर बोलत राहिले, "अगे, खोटे बोलणार नाहीस तर न बोल. पण खरे तरी कशास बोलतेस? या दोहींच्या मध्ये पुष्कळ जागा असते. आम्ही जन्म काढला तेथे."

प्रथम उंचगडी गेल्या. हैबतरावांनी भिंतीवरचा लोखंडी हातोडा काढून दिला आणि म्हणाले, "उचला." सगुणाबाईंनी उचलला आणि म्हणाल्या, "ठेवू कोठे?" हैबतरावांस बरे वाटले. मग मिशीवर हात फिरवून म्हणाले, "गावाहून गड लांब पडेल आपणांस." सगुणाबाई म्हणाल्या, "पडेल, तरी आपण दुसरे आहात." ऐसे म्हणताच दरबारात पंखा ओढणारा थांबला. हैबतराव म्हणाले, "दुसरे? मग पहिला कोण?" "ओढेगड." "ते टेकाड?" आणि हैबतराव पगडी घसरेतो हसले, आणि पगडी नीट करिता करिता हसू ओसरले, आणि म्हणाले, "बाई, मागील साली खोटे बोललात त्याचा राग आला होता. यंदा खरे बोललात त्याचा अधिक आला." मग पुढील दोन गडांवर तिसरे आणि चौथे सांगून जाहले, आणि दोन्हीकडे पानसुपारी देण्याचे राहून गेले. मग येसाजी नाईकांकडे गेल्या, तेव्हा नाईक म्हणाले, "आम्ही पाचवे ऐसे कानी आले. का, ते तरी कळो द्या." सगुणाबाई म्हणाल्या, "आपण रोग्याचा पाय पाहता, तोंड पाहात नाही." नाईक म्हणाले, "तोंडाचे वैद्य निराळे," आणि उठून गेले. गाडीत मामा डोळे मिटून म्हणाले, "चार गड गेले. दाखलेनवीसाच्या कचेरीत खिडकीजवळची जागा तरी माग." 

ओढेगडी बयाबाई ओसरीवर बसल्या होत्या. मामांस दाराबाहेर बसविले आणि सगुणाबाई पुढे गेल्या. बयाबाईंनी आडून काही पुसिले नाही, त्या म्हणाल्या, "बोला, यंदा आम्ही कितवे?" सगुणाबाई म्हणाल्या, "आपण पहिल्या." बयाबाई म्हणाल्या, "मागील सालीही होतो." "तेव्हा खोटे होते." "आणि आता खरे कशावरून? शब्द तर तेच."  चौघांस जे जे सांगितले ते नवे होते, कोणी पूर्वी ऐकिले नव्हते. आणि जेथे खरे प्रेम होते तेथे सांगावयास तेवढे एक झिजलेले वाक्य उरले होते. सगुणाबाई म्हणाल्या, "पुरावा नाही." इतके होते तो दारातून त्रिंबकमामाच आत धावले आणि हात जोडून म्हणाले, "बाईसाहेब, आपण थोर आहात, हिला समजवा! या टेकाडापायी पोरीने उंचगड सोडला, हैबतरावांस तोंडावर दुसरे म्हणाली, नाइकांस पाचवे म्हणाली, मी वाटेत पाया पडलो तरी ऐकेना. आपण हिला नको म्हणा, म्हणजे शुद्धीवर येईल!" बयाबाईंनी मामांकडे पाहिले. त्यांचे डोळे खरोखर भरले होते. मग सगुणाबाईंस म्हणाल्या, "पुरावा पोहोचला. बसा."

गूळपाणी जाहले. मग बयाबाई म्हणाल्या, "तुम्ही खरे सांगितलेत, तर आमचेही ऐका. आमच्या यादीत तुम्ही दुसऱ्या." सगुणाबाईंनी पेला खाली ठेविला. बयाबाई म्हणाल्या, "पहिला दौलतराव. परीक्षेत सर्वांच्या वर, मनगट मुसळासारखे आणि बोट मात्र हलके. राग धरू नका, हात पाहून लिहिले आहे. तो दुसरीकडे गेला तरच जागा तुमची. आणि तो कशास जाईल? शपथ वाहून गेला की आम्हीच पहिले." मामांनी डोळे पुसत, राहवेना म्हणोन पुसिले, "कोणत्या शब्दांत म्हणाला?" बयाबाई म्हणाल्या, "म्हणाला, बयाबाई, आपला गड म्हणजे माझे माहेर." मामा म्हणाले, "वाक्य चांगले आहे. मला सुचले नसते." आणि तिघेही एकमेकांकडे न पाहता गूळ खात बसले.

मग यादी मोहोरबंद होऊन दफ्तरी गेली, ओढेगड पहिला लिहून. आणि चैत्रापर्यंत सगुणाबाईंची जी अवस्था जाहली ती सांगण्याजोगी नाही. चौघांनी नाव गाळिले असणार हे उघड होते. उरली आशा ती एवढीच की दौलतराव खोटे बोलिले असावे. ज्या सालात स्वतः खोटे सोडिले त्याच सालात परक्याच्या खोटेपणावर सारा जन्म टांगला, आणि त्या पोराने सगुणाबाईंचे काही वाकडे केले नव्हते. कधी वाटे तो खरा असावा, चांगला मुलगा आहे. आणि लगेच वाटे, नसावा. एके सकाळी देवापुढे नुसत्याच उभ्या राहिल्या, तेव्हा आईसाहेब मागून म्हणाल्या, "काय मागतेस?" "मागता येत नाही ऐसे आहे." आईसाहेबांनी त्यांस बाजूस सारिले आणि म्हणाल्या, "मग मी मागते. माझे वय झाले, मला चालते." आणि हात जोडून मोठ्याने म्हणाल्या, "देवा, तो दौलतराव थोडा लबाड निघू दे. आणि पुढे त्याचे भले कर, त्याचीही आई असेल." मामा ओसरीवरून म्हणाले, "थोडा कशास?" आईसाहेब म्हणाल्या, "लागेल तेवढाच."

चैत्र लागला, मेळाच्या दिवशी चौकात दाटी जाहली, डंका वाजला आणि पुकारणारा उभा राहिला. प्रथम उंचगड. पुकारणारा खाकरला, कागद उलटा धरला होता तो सुलटा केला, आणि म्हणाला, "उंचगड, दौलतराव." सगुणाबाईंस ऐकू आले परंतु समजले नाही. आईसाहेबांनी त्यांचा दंड ऐसा धरिला की पाच बोटे उमटली. मामा मात्र टाचा उंच करून गर्दीत दौलतरावास शोधू लागले, आणि तो दिसताच लांबूनच त्यास एक मुजरा केला. मग आणखी तीन गड जाहले आणि तीन नावे जाहली, आणि शेवटी पुकारणारा म्हणाला, "ओढेगड, सगुणाबाई," आणि कागद गुंडाळून जेवावयास गेला. चुलत आत्या तेथेच होत्या, त्या म्हणाल्या, "मी म्हटलेच होते, हाडेच घे."

पुढे मुहूर्त पाहून सगुणाबाई गड चढल्या. बयाबाई म्हणाल्या, "आनंद जाहला?" "जाहला." "आम्हांस थोडे वाईट वाटले. मनगट चांगले होते त्याचे." सगुणाबाई म्हणाल्या, "ठाऊक आहे." बयाबाई म्हणाल्या, "मग हात धुऊन या, आया खोळंबल्या आहेत." आणि एक पोर त्यांच्या मांडीवर दिले, ते रडले, आणि सगुणाबाईंनी त्याचे पाऊल हाती घेऊन बोटभर वळविले, तितकेच.

एकूण वर्तमान ऐसे. मोहीम फत्ते जाहली ती एकीच्या खऱ्याने आणि एकाच्या खोट्याने. दोहींचा वाटा किती किती, हे लिहिणारास बहुत विचार करूनही ठरविता आले नाही. पोराचे पाऊल सरळ होत आहे. इति.