गोड्या पाण्याचा हक्क

मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारी लिहून घेतो. ‘नळाला खारट पाणी येतं’ ही तक्रार गेली अठरा वर्षं लिहून लिहून माझी बोटं झिजली. आणि माझ्याच गॅलरीत, माझ्या डोळ्यांदेखत, टोमॅटोच्या कोवळ्या रोपांना मीठ कालवलेलं पाणी पाजलं जात होतं! पाजणारी कोण, तर माझी बायको. (ती रोपवाटिकेत नोकरीला आहे. म्हणजे रोपं जगवण्याचाच पगार घेते!)

"अगं, मरतील ती!"

"मरू नयेत म्हणूनच देतेय. पुढच्या सोमवारी यांना खारवट वाफ्यात लावायचंय. रोज थोडं थोडं मीठ वाढवलं की अंगवळणी पडतं. महिनाभर खपलेय मी यांच्यामागे. अहो, आठवडाभर प्रशिक्षणाला जातेय, या कॅनमधलं पाणी रोज सकाळी द्या. आणि कृपा करून डोकं चालवू नका."

हे मला फार लागलं. डोकं नाही तर काय चालवायचं माणसाने?

ती गेल्यावर मी कॅनमधलं पाणी चाखून पाहिलं. (तक्रारीची शहानिशा नको?) थू! असलं पाणी मी शत्रूलाही देणार नाही. मी तडक कॅन मोरीत ओतला आणि ट्रेच्या भोकांतून सगळं मीठ वाहून जाईल इतकं गोडं पाणी त्या लेकरांना पाजलं. आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ.

रविवारी बायको परतली. "अय्या, काय तरारलीत! झाली म्हणायची सवय!"

मी विनयाने गप्प राहिलो. (श्रेय घ्यायला मी संकोचतो.)

सोमवारी रोपं तिच्या साहेबांसमोर खारवट वाफ्यात लागली आणि बुधवारी सगळीच्या सगळी आडवी झाली. बायको रडवेली होऊन घरी आली. तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, म्हणून सांगून टाकलं.

"कॅन ओतून दिलात? का?"

"खारट होतं!"

मी काय पाप केलं होतं? तहानलेल्यांना पाणी पाजलं!

आता गॅलरीत नवे ट्रे आलेत. परवा तिची नोंदवही उघडी दिसली. ‘रोपे दगावण्याचे कारण’ या रकान्यात लोक कीड लिहितात, बुरशी लिहितात. हिने लिहिलंय, ‘नवरा’. शेजारी साहेबांचा लाल शेरा: ‘बंदोबस्त काय केला?’ आणि त्याखाली हिचं सुवाच्य उत्तर: ‘सासूबाईंना गॅलरीत खुर्ची टाकून बसवले आहे.’

सासूबाई म्हणजे माझी आई. सख्खी! काल मी आंघोळ करून टॉवेल वाळत घालायला गॅलरीत गेलो, तर तिने मला दारातच अडवलं.

"आधी मोरीत जाऊन पिळून ये," ती म्हणाली. "आणि येताना हात पुसून ये."