तांबूस घोडीला जोड

त्या घरात व्यवहार बायकोकडे होता आणि स्वप्नं नवऱ्याकडे. बायको घोड्यांची खरेदी-विक्री करायची. वडिलांपासून चालत आलेला तिचा नियम एकच: घोडा शर्यतीचा असो, गाडी ओढणारा असो की बुटका डोंगरी तट्टू, रंग तांबूसच हवा. आसपासच्या गावांत कुणालाही तांबूस घोडा घ्यायचा-विकायचा असला की तो तिच्या तबेल्याशी येऊन उभा राही. नवरा वही सांभाळायचा. तो लिहायचा, ‘कांती अशी, की मावळतीच्या उन्हात मध सांडावा.’ बायको ते खोडून लिहायची, ‘दात चांगले.’ लोक त्याला ढगोबा म्हणत. (त्याला राग येत नसे, बहुधा ऐकूच जात नसे.)

एका बग्गीवाल्याला जोडी हवी होती. एक घोडी तबेल्यात होती, तिला जोड मिळत नव्हती. त्यात बायकोची कंबर धरली, म्हणून नवरा म्हणाला, बाजाराला मी जातो.

“जा,” बायको म्हणाली. “पण अगदी हिच्यासारखीच आणा. उगाच डोळे आवडले म्हणून भलतीच आणू नका.”

त्याने घोडीची उंची फितीने मोजली. कपाळावर होडीच्या आकाराचा पांढरा ठिपका, मागचा डावा पाय खाली पांढरा, सगळं चिठ्ठीवर लिहिलं आणि पहाटेच निघाला.

बाजारात धुकं होतं. धुक्यातून तांबूस पाठी वर येत होत्या, पुन्हा बुडत होत्या. हे नीट पाहावं म्हणून तो झाडाखाली टेकला आणि पाहता पाहता झोपला.

इकडे घरी एक व्यापारी आला. त्याला तीच घोडी पसंत पडली. बायकोने विचार केला, जोड आणायला गेलंय कोण? तेव्हा जोडीची आशा सोडलेलीच बरी. तिने घोडी विकून टाकली. व्यापाऱ्याने घोडीला चोळून-पुसून चकचकीत केलं, आयाळीच्या वेण्या घातल्या आणि दुपारी बाजारात आणून उभी केली. नेमकी त्याच झाडासमोर.

नवऱ्याला जाग आली तेव्हा धुकं गेलं होतं आणि समोर ती होती. त्याने चिठ्ठी काढली, फीत काढली. उंची बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही. ठिपका होडीचा. पाय पांढरा, तोही डावाच. एवढ्यात घोडीने मान लांब करून त्याच्या खांद्यावर नाक टेकलं. त्याने तिची मान कुरवाळली. पहिल्याच भेटीत इतकी माया!

“कुठली ही?” त्याने विचारलं.

“जवळचीच,” व्यापारी म्हणाला. (खोटं तो बोललाच नाही.)

व्यापाऱ्याने किंमत दीडपट सांगितली. नवऱ्याने घासाघीस केली नाही. मागच्या जन्मीची ओळख, तिथे घासाघीस काय करायची?

परतीची वाट त्याला पुढे कित्येक दिवस आठवत राहिली. ऊन उतरलं होतं, गवत हलकेच डुलत होतं, आणि त्याने लगाम सैल सोडला होता. फाट्यावर घोडी आपणहून डावीकडे वळली. पाण्याच्या हौदाशी आपणहून थांबली. आपल्या मनातलं हिला न सांगता कळतं, असं वाटून त्याने तिला लहानपणापासूनची सगळी स्वप्नं सांगितली. तिने ती खाली मान घालून ऐकली. घर आलं तशी ती सरळ तबेल्यात शिरली आणि तिसऱ्या खणात जाऊन उभी राहिली.

बायको बादली घेऊन दारात आली होती. ती घोडीकडे पाहत राहिली, मग नवऱ्याकडे.

“बघ,” तो म्हणाला, “पाऊल टाकल्या टाकल्या घर ओळखलं. आता आपली आण, दोघींना शेजारी उभं करू.”

“आपली सकाळीच विकली,” बायको शांतपणे म्हणाली.

“अरेरे, मग जोडी मोडली की,” तो हळहळला. बोलता बोलता त्याची नजर पांढऱ्या होडीवर गेली आणि तिथेच अडकली. तो गवताच्या भाऱ्यावर बसला. बायको शेजारी टेकली. तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं वाटून त्याने पाठीवर हात ठेवला, तर तिला हसू आवरत नव्हतं.

सकाळी बग्गीवाला आला. घोडी विकल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. मग ही कोण, त्याने विचारलं.

“विकली होती,” बायको म्हणाली. “पण गुणाची घोडी. वाट विसरली नाही, संध्याकाळी आपली आपण परत आली. येताना बाजारातून यांनाही घेऊन आली.”