ढगावर सोडलेलं रॉकेट

शिवलिंगप्पा गुरुजींना कोणी काही विचारलं नव्हतं. तरी ते बोलले, आणि तिथंच सगळं बिनसलं.

निवृत्तीनंतर गुरुजी गावच्या दूध सोसायटीचे सचिव झाले होते. दुष्काळात दूधच आटल्यामुळं सचिवाला काम असं उरलं नव्हतं. आडाचा तळ उघडा पडला होता आणि टँकर अकरा दिवस फिरकला नव्हता. सोसायटीकडे शिल्लक होती ती कडब्याची एक गंज. पाऊस पडेपर्यंत चाळीस जनावरं तिच्यावरच जगवायची होती. तिच्या काळजीनं गुरुजींना घास गोड लागत नसे.

त्या दुपारी मांजरसुंब्याच्या अंगानं एक काळा ढग आला. सोसायटीच्या ओसरीवरची माणसं माना वर करून बघत राहिली.

"ह्यो बी जाणार," चेअरमन माणिकराव म्हणाले.

गुरुजींना कशावरूनही चीन आठवायचा. "चीनमधी असता तर गेला नसता. कागद त्यांनी दुसऱ्या शतकात केला, होकायंत्र अकराव्यात. बंदुकीची दारू तर नवव्यातली. आता तिथं रॉकेट सोडून पाऊस पाडत्यात."

"रॉकेट आपल्याकडं बी हाय की!" माणिकराव ताडकन उठले. बिनविरोध निवडून आल्यावर आणलेल्या फटाक्यांतलं एक रॉकेट कपाटात पडून होतं.

"अहो, ते रॉकेट येगळं असतंय."

"येगळं कावून? आत दारू त्यांनीच काढलेली हाय न्हवं?"

इतिहास म्हणून हे बरोबर होतं, आणि बरोबर गोष्ट खोडून काढणं गुरुजींना जन्मात जमलं नव्हतं. "त्यांना खरं तर अमर व्हायचं औषध करायचं होतं. करायला गेले एक आन् झालं भलतंच," ते पुटपुटले. तोवर रॉकेट बाटलीत उभं राहिलं होतं. काडी लावायचा मान अर्थातच सचिवांना मिळाला.

रॉकेट वर गेलं. ढगाच्या बरंच अलीकडे त्याला कंटाळा आला, ते वळलं आणि थेट कडब्याच्या गंजीवर येऊन बसलं.

विझवायला गावात पाणी नव्हतं. लोकांनी माती फेकली, गोणपाटं आपटली. माणिकरावांनी फोन केला आणि तासाभरात आगीचा बंब हजर झाला. टँकरसाठी अकरा दिवस खेटे घालणारे गुरुजी त्याच्याकडे बघतच राहिले. तेवढ्या वेळात गंजीची राख झाली होती. जनावरं त्या राखेकडे तोंड करून उभी होती. गुरुजींना ते बघवेना.

बंबावरचा त्रिंबक खाली उतरला. त्यानं वही काढली. "आग कवा लागली?"

"नवव्या शतकात," गुरुजी भ्रमिष्टासारखे म्हणाले.

त्रिंबकनं राख पायानं चाळली. "इझली की सगळी. चला, आमी निघतो."

"आन् पाणी?" सरूबाई पुढं आली. तिच्यामागं गावातल्या साऱ्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या.

"पाणी आगीसाठी हाय, मावशी. आग न्हाई तर टाकी भरलेलीच न्यावी लागती. मला वर जाब द्यावा लागतोय."

सरूबाई वाद घालत बसली नाही. तिनं तिथंच तीन दगड मांडले, अर्धवट जळालेली चार धाटं मध्ये सारली आणि फुंकर घातली. जाळ झाला.

"ही घ्या आग. इझवा. नेम तेवढा जरा चुकू द्या."

त्रिंबकनं वही मिटली. मग त्यानं पाईप सोडला. त्याचा नेम फारच चुकला. घागरी भरल्या, टिपाडं भरली, जनावरांचा हौदसुद्धा भरला. चूल मात्र शेवटपर्यंत पेटत होती.

बंब गेला तेव्हा गाव कितीतरी दिवसांनी हसत होतं. माणिकरावांनी गुरुजींच्या पाठीवर थाप मारली.

"गुर्जी, लई डोकं हाय तुमाला! रॉकेटनं पाणी आणलंत! आता पुढल्या आठवड्याला काय पेटवायचं, तेवढं आताच ठरवून टाका."

गुरुजींनी हौदाकडे पाहिलं. चाळीस उपाशी जनावरं खाली मान घालून पोटभर पाणी पीत होती. गुरुजींना हुंदका आवरला नाही, आणि आनंदानं रडणारा सचिव पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या.