पाळण्याखालचे भावी सरपंच

"हातानं गोधडी शिवायचे दिवस गेले, आत्या! बाळाची गोधडी मी मशीनवर एका दुपारात काढते. ती पण वेलबुट्टीची!"

असं नूतन भर अंगणात, शेजारच्या चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली आणि तिथंच फसली.

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, सखूबाई. अख्ख्या मार्गासनीत त्यांच्या टाक्याला तोड नव्हती. लेक सारिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, मुलगा झालेला, बारसं चार दिवसांवर. अशा वेळी सुनेनं हे बोलावं म्हणजे कमालच! सखूबाई भडकतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्या भडकल्या नाहीत. घरात गेल्या आणि ट्रंकेतून एक जुनं हिरवं लुगडं घेऊन आल्या.

"ह्ये माज्या आयचं," त्या म्हणाल्या. "ह्याचीच कर. पन बारशाला गोधडी धड झाली न्हाई, तर त्ये मशीन माळ्यावर. परत खाली यायचं न्हाई."

नूतननं लुगडं हातात घेतलं. मशीन तिनं माहेराहून आणलेलं. त्या घरात ते एकच तिचं स्वतःचं होतं. बाकी म्हशीपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळ्यावर सासूचा हक्क!

वेलबुट्टीची युक्ती तिनं मोबाईलवर पाहिली होती. मशीनचे सुईखालचे दाते खाली सरकवायचे, म्हणजे ते कापड ओढत नाहीत. मग सुईखाली गोधडी आपल्याच हातानं हवी तशी फिरवायची. व्हिडिओतली बाई ती भाकरी थापल्यासारखी गरागरा फिरवत होती. नूतनची मात्र जागची हलेना. जोर लावला तर सुई तुटली. पुन्हा व्हिडिओ पाहिला तेव्हा कळलं की त्या बाईनं मशीनवर एक गुळगुळीत मॅट अंथरली होती, सुईपुरतं भोक पाडून.

मॅट मागवावी तर कुरियरवाला नसरापूरच्या पुढं यायचा नाही आणि फोन उचलायचा नाही.

"मॅट म्हंजी काय, गुळगुळीत कापडच ना?" नूतनचा नवरा हणमंत म्हणाला. "आपल्याकडं फ्लेक्स हाय की!"

फ्लेक्सचा खरा उपयोग वाढदिवस उलटल्यावरच सुरू होतो. गावातल्या मानसिंगरावांचा फ्लेक्स पावसाळाभर हणमंतच्या भाताच्या पेंढ्यावर पांघरलेला होता. त्यातला बराचसा म्हशीनं चघळला होता. धड उरलेला तुकडा एकच, तोही नेमका तोंडाचा. डोळ्यांवर काळा गॉगल, हात जोडलेले, खाली लाल अक्षरात 'भावी सरपंच'. हणमंतनं तो धुऊन पुसून आणला आणि ब्लेडनं सुईसाठी भोक पाडलं, बरोबर कपाळावर गंधाच्या जागी.

"अवो, परक्या पुरुषाच्या तोंडावर मी दुपारभर हात फिरवत बसू व्हय?"

"मग पालथं घाल त्यास्नी."

नूतननं मानसिंगरावांना पालथं घातलं आणि चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली. एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण हणमंतला उत्साह आवरेना. त्यानं कॅरमची पावडर आणली आणि वरून टाकली, फ्लेक्स उचलून खालूनही टाकली.

"दोन्हीकडनं टाकली की दुप्पट घसरंल!"

आणि घसरली की हो गोधडी! नूतननं वेल काढली, वेलीला पानं काढली, मधोमध मोर काढला. मोराचा पिसारा तर थांबायलाच तयार नव्हता. व्हिडिओतल्या बाईनं आता मार्गासनीला शिकवणीला यावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पावडरीनं चिकटपट्टी कधीच सुटली होती. गोधडी फ्लेक्सवरून सरकत नव्हती, फ्लेक्सच गोधडीबरोबर फिरायला निघाला होता. हे तिच्या गावीही नव्हतं.

काम संपवून तिनं गोधडी उचलली. ती पापडासारखी कुरकुरली. उलटी केली आणि तिची बोबडीच वळली.

मानसिंगराव! हात जोडून, गॉगल लावून, तोंडभर मोराचा पिसारा घेऊन हसत होते.

"अवो, ह्ये आत शिवलं गेलं!"

हणमंत धावत आला. "उसव की मग."

तिनं एक टाका उचकटला. जुनं लुगडं टर्रकन फाटायला लागलं. टाके मुंग्यांसारखे दाट, उसवायचं तर चिंध्याच हाती येणार! नूतनला रडू कोसळलं. मशीन माळ्यावर जाईल ते जाईल, पण म्हाताऱ्या बाईनं आईचं लुगडं विश्वासानं हाती दिलं आणि आपण हे केलं! या विचारानं तिचा जीव अर्धा झाला. खालून एखादं अस्तर लावू, असं ठरवून तिनं डोळे पुसले. पण पुढं बारशाच्या लाडवांनी आणि पाहुण्यांच्या फोनांनी तिला सुई हातात धरू दिली नाही.

बारशाच्या सकाळी भोरहून निघालेला सारिकाच्या सासरचा टेम्पो चेलाडी फाट्याला पोचल्याचा फोन आला आणि सखूबाई खोलीत आल्या. त्यांनी गोधडीच्या वरच्या अंगावर हात फिरवला. मोरावर हात थांबला.

"बरी दिसती," त्या म्हणाल्या. "पन कडक का लागती?"

"नवी हाय, आये!" हणमंत म्हणाला.

सखूबाईंनी गोधडी नेली आणि पाळण्यात अंथरली. पाळणा लोखंडी, तळाला नायलॉनची जाळी!

पाहुणे आले. बोलावणं नसताना मानसिंगरावही आले. निवडणूक जवळ आल्यापासून त्यांनी गावातलं एकही बारसं आणि एकही दहावा चुकवला नव्हता. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा.

बाळाला पाळण्यावरून आणि पाळण्याखालून देण्याघेण्याची वेळ आली. खालून घ्यायला सारिकाची सासू अक्काबाई बसली. बाळ घेता घेता तिनं वर पाहिलं.

"अगं बया! ह्यो कोन जाळीतनं बघतुया?"

सगळ्या बायका वाकल्या. सारिकानं मोठ्यानं वाचलं, "भावी सरपंच!"

सखूबाईंनी नूतनकडं पाहिलं. नूतननं हणमंतकडं पाहिलं. हणमंत आढ्याकडं बघू लागला.

"आमच्या नातवाच्या बुडाखाली सरपंच?" अक्काबाई कडाडली.

पण तेवढ्यात मानसिंगराव पुढं आले. त्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले!

"नूतनवैनी, लोक गाडीवर फोटो लावत्यात, दुकानात लावत्यात. पन तान्ह्या बाळाच्या गोधडीला? एवढं प्रेम म्या कुठं बघितलं न्हाई. हणमंता, बाळाला ठेव पाळन्यात आन् काढ आमचा फोटो!"

ते पाळण्याखाली मांडी घालून बसले. फ्लेक्सवरच्यासारखे हात जोडले, गॉगल चढवला, मान वर केली. वर मानसिंगराव, खाली मानसिंगराव आणि सगळ्यात वर बाळ. हणमंतनं मोबाईल धरला.

बाळाला बहुधा हाच मुहूर्त हवा होता.

साधी गोधडी असती तर सगळं तिच्यातच जिरलं असतं. पण खाली फ्लेक्स! पाणी आत मुरेना, बाहेर पडेना, सगळं मध्यभागी साचलं. तिथं त्याला एकच मोकळी वाट सापडली, ब्लेडनं पाडलेलं भोक. वरच्या मानसिंगरावांच्या कपाळातून बारीक धार निघाली आणि खालच्या मानसिंगरावांच्या कपाळावर अभिषेक सुरू झाला. गंधाच्या जागी!

"पानी कुठनं गळतंय?" त्यांनी तोंड उघडून विचारलं. तोंड उघडायला नको होतं.

मानसिंगराव गेले. चहासाठीही थांबले नाहीत. नूतन मान खाली घालून सासूपुढं उभी राहिली.

"चुकलं, आत्या. तुमच्या आईच्या लुगड्याचं वाटोळं केलं. मशीन मीच माळ्यावर ठेवते."

सखूबाईंचं अंग हलत होतं. रडतायत असं वाटून नूतन घाबरली. पण त्या खांबाला धरून हसत होत्या. हसता हसता खाली बसल्या.

"माजी आय असती तर तिनं तुजी दिष्ट काढली असती. ऱ्हाऊ दे मशीन खाली!"

नूतनचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडल्याबरोबर छाती पुन्हा फुगली.

"म्हणजे मशीनची गोधडी हाताच्यापेक्षा बरी, व्हय ना आत्या?"

"हातची गोधडी निजायला," डोळे पुसत सखूबाई म्हणाल्या. "मशीनची पाव्हनं घालवायला. आनखी दोन-चार शिवून ठिव. औंदा उमेदवार लई हायेत."