नाव नक्को, हाल सांग

आमच्या नर्सिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत जो कुणी पाऊल टाकील, त्याला गफूरभाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: "आपली पेशी बघितली का कधी?"

पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमन असो, नाहीतर पाण्याचा जार टाकायला आलेला माणूस. 'नाही' म्हटलं की त्याला स्टुलावर बसवायचं, हातात नवी दातकोरणी द्यायची. गालाच्या आतून हलकं घासायचं, काचपट्टीवर पुसायचं, वर निळ्या रंगाचा थेंब, की पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली. "आदमी अख्खी जिंदगी आरशात बघतो," गफूरभाई म्हणतात, "आन् जिससे बना है, ते एकदा बी बघत नाही."

उद्घाटनाला आलेल्या एका पुढाऱ्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. पुढाऱ्याची पट्टी लावली आणि एका मुलीला बोलावून विचारलं, "क्या दिख रा बेटा?" पोरगी उदगीरकडची, खरं बोलणारी. म्हणाली, "चाचा, पेशी कमी आन् गुटखाच जास्त हाय."

गफूरभाई आमचे लॅब अटेंडंट. मूळचे उदगीरचे. वडिलांचं तिथं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, ते मोबाइल आल्यावर बसलं. गफूरभाईंचं शिक्षण नववी. मी एम.एस्सी. प्राणिशास्त्र. हे मी मुद्दाम सांगते. उमरी तालुक्यातल्या आमच्या गावात आमच्या घराण्यातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नांदेडला होस्टेलला राहिले, दोन ड्रेस आलटून पालटून घातले आणि डिग्री घेतली. आता लातूरला पहिल्या वर्षाच्या मुलींना पेशी शिकवते. म्हणजे माझा तसा समज होता.

तो समज पहिल्या चाचणीत गेला. प्रश्न मीच काढला होता: लाल रक्तपेशीत केंद्रक का नसते? वर्गात मी चार ओळींचं उत्तर नीट सांगून लिहून दिलं होतं. साठातल्या चाळीस पोरींनी लिहिलं, 'मोंढ्यातला हमाल पोतं उचलताना खिशात किल्ल्यासुद्धा ठेवत नाही. लाल पेशीला ऑक्सिजन वाहायचा असतो, म्हणून ती केंद्रक बाहेर टाकून जागा करते.'

मी लाल पेन घेऊन बराच वेळ बसले. चूक काढायची होती, सापडेना. शेवटी पूर्ण मार्क दिले आणि रागानं पेनाचं टोपण इतकं दाबलं की त्याला चीर गेली.

शिक्षकदिनाला मुलींनी मला एक पेन दिलं. सगळ्याच मॅडमना देतात तसलं. गफूरभाईंना स्वेटर. मापाचा. म्हणजे कुणीतरी आधी माप घेतलं असणार.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा विचित्र होती. स्वतः कधी सूक्ष्मदर्शकात बघायचे नाहीत. पट्टी लावायची, दोन बोटांनी बटण फिरवायचं, अंदाजानं थांबायचं आणि मुलीला पुढं करायचं. स्वतः बाजूला उभे राहून कान द्यायचे.

"क्या दिख रा?"

"चाचा, आरबीसी."

"नाव नक्को, हाल सांग."

"गोल हाय. मधी खोलगट. मेदुवड्याला भोक पडता पडता राहिल्यासारखं."

"किती हायत?"

"लई. मधी एक मोठी बी हाय, जांभळी. तिच्या पोटात तीन तुकडे, एकमेकाला धरून बसलेत."

"शाबास. ती पांढरी पेशी. अब नाम मॅडम से पूछो."

पांढऱ्या पेशीतली ती कुठली, हे सांगायला मी. जसं काही मी दारावरची पाटी.

एकदा त्यांना विचारलं, "गफूरभाई, नाव का नको? परीक्षेत नावच विचारतात."

"मॅडम, नाव ठेवायला डॉक्टर हायत," ते म्हणाले. "पोरगी उद्या वॉर्डात उभी राहील. पेशंटचा रंग कसा, घाम कसा, श्वास कसा, ते तिनंच बघायचंय. जो देखा वही बोलना." वर्षभरापूर्वी पास झालेल्या एका मुलीचा नांदेडहून फोन आला होता. वॉर्डातल्या म्हातारीचे ओठ निळसर दिसले, तिनं लगेच सांगितलं, म्हातारी वाचली. हे सांगायला तिनं फोन केला तो गफूरभाईंना. मीही तिला पूर्ण वर्ष शिकवलं होतं.

मग मीही त्यांची तऱ्हा उचलली. पट्टी लावली, हाताची घडी घालून विचारलं, "काय दिसतं?" पोरगी सूक्ष्मदर्शकाऐवजी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. "मॅडम, तुम्हाला काय पायजे?" म्हणाली.

एवढं सगळं मी गिळलं असतं. पण एके दिवशी दादा, म्हणजे माझे वडील, कॉलेज बघायला आले.

दादांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मी त्यांना प्रिन्सिपल मॅडमची केबिन दाखवली, माझ्या नावाची पाटी दाखवली. मग प्रयोगशाळेत नेलं. पुढं काय झालं असेल ते वाचणाऱ्याला कळलंच असेल. पाच मिनिटांत दादा स्टुलावर आणि तोंडात दातकोरणी.

"क्या दिख रा दादा?"

दादा एक डोळा मिटून बघत राहिले. मग म्हणाले, "तळं आटल्यावर चिखलाला भेगा पडत्यात न्हाई का? तसली ढेकळं. आन् दर ढेकळात एक बी पुरलेलं."

गफूरभाईंनी डोळे मिटून ते ऐकलं. मग माझ्याकडं वळले. "मॅडम, हे लिहून घ्या."

ज्या केंद्रकावर मी पाच वर्षं घासली, त्याला दादांनी 'बी' म्हटलं, आणि ते मी लिहून घ्यायचं. त्यावर कडी म्हणजे गावी जाऊन दादांनी पारावर काय सांगितलं? "लातूरला एक गफूर म्हणून माणूस हाय, त्यानं मला माझं आतलं दाखवलं." पोरगी तिथं मॅडम आहे, हे आईनं मागून जोडलं म्हणे.

त्याच आठवड्यात मी अर्ज लिहिला. अटेंडंट शिकवण्यात ढवळाढवळ करतात, विद्यार्थिनींचा गोंधळ होतो, तरी त्यांना गेटवर किंवा स्टोअरला बदलून द्यावं. प्रिन्सिपल मॅडमनी वाचला, चष्मा काढला. "प्रात्यक्षिक परीक्षा होऊ द्या. परीक्षक काय म्हणतात ते बघू, मग ठरवू."

म्हणजे गफूरभाईंची प्रयोगशाळा त्या परीक्षेवर टांगलेली होती, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

परीक्षेच्या दिवशी मी साडेनऊला पोचले. बाहेरचे परीक्षक दहाला येणार होते. मुली खाली झाडाखाली पाठांतर करून राहिल्या होत्या. त्या दिवशी त्यांना वर यायची बंदी. आठ सूक्ष्मदर्शक ओळीत मांडलेले. प्रत्येकाच्या भिंगात एक बारीक बाण असतो. तो ज्या पेशीवर टेकवलाय, ती मुलीनं ओळखायची. हे लावायचं काम गफूरभाईंचं.

मी पहिल्यात डोकावले. बाण हवेच्या बुडबुड्यावर. दुसऱ्यात बाण दोन पेशींच्या मधल्या रिकाम्या जागेवर. तिसऱ्यात रंगाच्या डागावर. आठही बघितले. फोकस सगळीकडं नेमका, काचेसारखा स्वच्छ. बाण मात्र एकही जागेवर नाही.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा आनंद झाला. अर्जाला पुरावाच मिळाला. काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं.

गफूरभाई बेसिनपाशी पट्ट्या पुसत होते.

"गफूरभाई, हे तुम्ही बघून लावलं?"

हात थांबले. "नाही मॅडम. बघायचं सोडून सगळं केलं."

"म्हंजे?"

"बटन उंगलियों को मालूम है. किती फिरवलं की कुठं येतं, ते घड्याळाच्या दुकानातच शिकलो. बाण बोटाला नाही कळत." पट्टी त्यांनी हळूच स्टँडमध्ये ठेवली. "डावा डोळा चार सालाखाली गेला. उजवा रमजानपासून. मोतीबिंदू असता तर काढला असता. काचबिंदू हाय. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर बोले. माणूस आला-गेला कळतो. बारीक काही नाही."

"पोरींना माहीत आहे?"

"नाही."

"मग ऑफिसला का नाही सांगितलं? दुसरं हलकं काम दिलं असतं."

"हौ, गेटवर बसवलं असतं." ते जरा हसले. "घर पे तो कोई है नहीं मॅडम. पोरगा हैदराबादला. इथं रोज साठ पोरी येतात. कोण म्हणते वडा, कोण म्हणते ढेकूळ. गेटवर मला कोण सांगणार, आत काय दिसून राहिलं ते?"

माझ्या त्या 'काय दिसतं'ला पोरींनी उत्तर का दिलं नाही, ते आत्ता समजलं. मला उत्तर माहीत होतं. ह्यांना खरंच नव्हतं.

पावणेदहा झाले होते. मी पर्स टेबलावर टाकली आणि पहिल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पट्टी कणाकणानं सरकवत बाण पेशीवर आणला. गफूरभाई मागं येऊन उभे राहिले. तिसऱ्या टेबलाशी हळूच म्हणाले, "क्या दिख रा मॅडम?"

"न्यूट्रोफिल," मी म्हणाले, आणि थांबले. ते कान देऊन वाट बघत राहिले.

मला पटकन जमेना. शिकतानाच्या पाच वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. "जांभळे गठ्ठे आहेत," मी म्हणाले. "तीन. नाही, चार. मधे धागा आहे. ज्वारीचे दाणे दोऱ्यात ओवल्यासारखे. आणि भोवती... भोवती गुलाबी धूळ आहे, गफूरभाई. बारीक."

"धूळ," ते म्हणाले. "अच्छा."

पुढच्या पाच टेबलांना मला विचारावं लागलं नाही. माझी मीच सांगत गेले.

परीक्षक आले, त्यांनी आठही बघितले. "मांडणी छान आहे. कुणी लावली?" प्रिन्सिपल मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या.

"गफूरभाईंनी," मी म्हणाले.

संध्याकाळी मॅडमनी अर्ज ड्रॉवरमधून काढला. "मग आता ह्याचं काय?"

"फाडा मॅडम."

"अहो, तुम्हीच तर लिहिलाय."

"उन्हानं डोकं फिरलं होतं," मी म्हणाले. उन्हाळा नव्हता. मॅडमनी पुढं विचारलं नाही.

तेव्हापासून मुली यायच्या आधी आठही सूक्ष्मदर्शक मी लावून ठेवते आणि स्टाफरूममध्ये जाऊन बसते. गफूरभाई येतात, प्रत्येक बटणावर दोन बोटं ठेवतात, आणि फिरवत नाहीत. ह्यावर आमच्यात एक शब्द झालेला नाही.

मागच्या आठवड्यात देगलूरची एक पोरगी भर प्रात्यक्षिकात मला म्हणाली, "मॅडम, तुमच्या तासाला समदं धुकट दिसतंय बघा. चाचानं लावलं की कसं लख्ख दिसतंय."

तोच सूक्ष्मदर्शक. तीच पट्टी. माझ्या हातचा फोकस. माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

बेसिनपाशी नळ बंद झाला. "मशीन सारखंच हाय बेटा," गफूरभाई म्हणाले. "मॅडमच्या तासाला तू घाबरून बघतीस."

पोरी हसल्या. हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. मी वही उघडली, हजेरी घेतली. दुसऱ्या दिवशी सव्वानऊऐवजी नऊलाच जाऊन आठही भिंगं पुसून ठेवली.